मुले कोणास विचारतात?



मे महिना लागला की मुंबईच्या उपनगरांतून निघणाऱ्या एस.टी. गाड्या आणि कोकणाकडे जाणारे आगगाडीचे डबे मुलांनी भरून जातात. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील चाळींत व वस्त्यांत राहणारी ही मुले. त्यांचे आजोळ रत्नागिरीकडे, साताऱ्याकडे, नाहीतर जुन्नर-आंबेगावाकडे. महिना-दीड महिना ती गावच्या भावंडांबरोबर विहिरीवर पोहतात, आंबे पाडतात, जत्रेस जातात. आणि रात्री अंगणात अंथरुणे पडली म्हणजे मोठ्या माणसांच्या अपरोक्ष एक निराळीच शाळा भरते. तेरा-चौदा वर्षांचा मुंबईचा चुलतभाऊ आपल्यास ठाऊक असलेले, किंवा ठाऊक आहे असे वाटणारे, सारे काही गावच्या भावास सांगून टाकतो. जूनमध्ये सातवीच्या वर्गात येऊन बसणारा मुलगा दिसावयास तोच असतो. परंतु त्याच्याजवळ आता एक गुपित असते आणि पुष्कळदा त्या गुपिताबरोबर आलेली एक भीतीही असते. शिक्षकास त्याची वार्ताही नसते.

मग त्या मुंबईच्या मुलाने तरी हे ज्ञान कोठून मिळविले? दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात तेथे मुलाच्या दृष्टीस व कानांस काही पडत नाही असे मानणे हा भोळेपणा होय. तो पाहतो, ऐकतो, पण त्याचा अर्थ त्यास कोणी सांगत नाही. घरात विषय निघाला की आई भांडी आवरू लागते आणि वडील ओरडतात. मग अर्थ सांगावयास पुढे येतात ते निराळेच लोक. अंधेरीहून बोरिवलीस किंवा घाटकोपरहून मुलुंडास लोकलने जाताना डब्याच्या पत्र्यावर चिकटविलेली लहान-लहान पत्रके ज्यांनी पाहिली नाहीत असा प्रवासी विरळा. 'गुप्तरोग', 'कमजोरी', 'बालपणाच्या चुका', खाली कोणा हकिमाचा अथवा बाबाचा भ्रमणध्वनी क्रमांक. असल्या रोगांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई केलेली आहे. कायदा होऊन सात दशके लोटली तरी पत्रके निघालेली नाहीत. आणि ती वाचणारा सर्वांत एकाग्र वाचक कोण, तर दप्तर पाठीस लावून दाराशी उभा असलेला आठवी-नववीतला मुलगा. 'बालपणाच्या चुका' हे शब्द त्याच्या मनात जे घर करतात ते कोणत्याही धड्यातील शब्दांनी केलेले नसते.

पूर्वी ह्या पत्रकांच्या जोडीस पदपथावरील पिवळी पुस्तके होती. नंतर व्हिडिओगृहे आली. आता हातातला मोबाइल आहे, आणि तो गावातही तितकाच आहे. इतका की मे महिन्यातील चुलतभावाचे महत्त्व थोडे कमीच झाले आहे म्हणावे. परंतु साधन बदलले म्हणून ज्ञान बदलले असे मात्र नव्हे. मोबाइलवरील नग्न चित्रफिती पैशासाठी केलेला अभिनय असतो. तीत कोणी कोणास विचारीत नाही, कोणी नको म्हणत नाही, कोणास लाज वाटत नाही, मूल होत नाही आणि रोगही होत नाही. सर्कशीतील दोरीवरची कसरत पाहून कोणी चालावयास शिकत नाही. पण ज्या मुलाने मनुष्यास चालताना कधी पाहिलेच नाही त्याने काय समजावे?

मुलींची कथा ह्याहून वेगळी आणि अधिक मुकी आहे. लहानपणी 'आईला आज कावळा शिवला' एवढेच तिने ऐकलेले असते. 'मी कोठून आले?' ह्या प्रश्नास 'तुला बोहारणीकडून जुने लुगडे देऊन घेतले' हे उत्तर आणि वर हशा. पुढे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान एके दिवशी तिला रक्तस्राव होतो. जिला कोणी आधी सांगितलेले नसते ती मुलगी आपल्यास जखम झाली, काही रोग जडला, अथवा आपल्या हातून काही पाप घडले असे समजून शाळेच्या बाकावर तशीच बसून राहते. हे वय कोणते ते शिक्षकांनी ध्यानी घ्यावे: हे सहावी-सातवीचे वय आहे. म्हणजे हा विषय माध्यमिक शाळेचा आहे, प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध नाही, हे म्हणणे मुलींच्या बाबतीत तरी सरळ चूक आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आहे. तो 'घरी वाचून घ्या' म्हणून पुष्कळ वर्गांत उलटला जातो ही गोष्ट सोडून दिली, तरी तो धडा हाती येईपर्यंत मुलीस पाळी सुरू होऊन तीन-चार वर्षे झालेली असतात. २०१८ च्या महिला दिनी राज्यात 'अस्मिता' योजना सुरू झाली आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलींसाठी पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट देण्याची सोय झाली, तेव्हा पाकिटे तर आली. पण ती कशासाठी हे तोंडाने सांगणारे माणूस प्रत्येक शाळेत होतेच असे नाही. वस्तू पोहोचविणे सोपे असते, शब्द पोहोचविणे कठीण.

आणि शब्दांचेच पाहू गेल्यास, ह्या विषयासाठी भाषेने जे शब्द दिले तेच मुळी अर्धे दोषारोप आहेत. 'विटाळ', 'बाहेरची', 'शिवायची नाही'. मुलांसाठी 'स्वप्नदोष', 'धातू जाणे'. वयात आलेल्या मुलाचे झोपेत वीर्य बाहेर पडणे ही देहाची स्वाभाविक क्रिया आहे, तिच्यात दोष तो कोणता? परंतु नावातच दोष आहे म्हटल्यावर मुलगा स्वतःस रोगी समजू लागतो. अन्न गोड लागत नाही, अभ्यासात लक्ष राहत नाही, हात-पाय गळाल्यासारखे वाटतात. ही भीती आपल्या देशात इतकी पसरलेली आहे की मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिला 'धात'वरूनच वैद्यकीय नाव दिले. वीर्यनाशाने मनुष्य क्षीण होतो ह्या समजुतीस शरीरशास्त्रात आधार नाही. क्षीण होतो तो भीतीने. आणि त्या भीतीवर डब्यातल्या पत्रकवाल्याचा संसार चालतो.

मुले कोणास विचारतात ह्या प्रश्नाचा शास्त्रीय शोध ह्याच उपनगरांतील एका संस्थेने घेतला आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 'पॉप्युलेशन कौन्सिल' ह्या संस्थेबरोबर २००६ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांतील ५०,००० हून अधिक तरुण-तरुणींची पाहणी केली. कुटुंबजीवनाचे अथवा लैंगिक विषयाचे शिक्षण कोठेतरी मिळाले असे सांगणारे त्यांत सुमारे १५ टक्केच निघाले. असे शिक्षण मिळावयास हवे असे म्हणणारे मात्र दहांपैकी आठांच्या आसपास होते. म्हणजे तरुणांस हे नको आहे, त्याने ती बिघडतील, ही चिंता वडीलधाऱ्यांची आहे. मुलांची मागणी उलट आहे. आईबापांशी ह्या विषयावर बोलणारी मुले अगदीच थोडी. राहता राहिले मित्र, आणि मित्रांजवळ जे आहे ते वर सांगितलेच.

माणसास ह्या विषयावर विचारावयाचे असते, परंतु तोंड दाखवून विचारवत नाही, हे मुंबईत फार पूर्वी एका गृहस्थाने ओळखले होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी गिरगावात संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्या कार्यामुळे १९२५ साली त्यांची नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालविले. त्या मासिकात वाचक आपल्या शंका पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत. ती पत्रे व उत्तरे हा त्या मासिकाचा गाभा म्हणावयास हरकत नाही. जे प्रश्न घरातील थोरांस विचारता येत नव्हते, वैद्यास विचारण्याची लाज होती, ते एका आण्याच्या तिकिटावर, कधी नावासह तर कधी आद्याक्षरांनिशी, कर्व्यांकडे जात. उत्तर कोरडे असे. त्यात उपदेश नसे आणि कुचेष्टाही नसे. ह्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते लिखाण अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरला; २०० रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक बंद केले नाही आणि पत्रेही थांबली नाहीत.

तीच गोष्ट पुढच्या काळात निराळ्या रूपाने दिसली. १९४९ साली मुंबईतच भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. ह्या संघाशी निगडित असलेले डॉ. महेंद्र वत्स यांनी १९७० नंतरच्या दशकात लैंगिक शिक्षण व सल्ल्याचे काम तेथे सुरू करविले; आणि वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, २००५ पासून, मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या प्रश्नांस रोज उत्तरे देण्याचे सदर चालविले. २०२० च्या डिसेंबरात, ९६ व्या वर्षी, ते वारले. कर्वे फटकळ, तर वत्स मिस्कील; पण दोघांच्या टपालात मुख्य सूर एकच होता: 'मला काही झाले आहे काय?' शंभरातील बहुतेक प्रश्न ज्ञानाचे नसतात, धीराचे असतात. हे शिक्षकाने एकदा ओळखले म्हणजे त्याची अर्धी भीती जाते. त्यास लैंगिकशास्त्राचे पंडित व्हावयाचे नाही. 'तुला काही झालेले नाही, सर्वांचे असेच होते' हे विश्वासाने सांगावयाचे आहे.

शासनाची वाट ह्या बाबतीत सरळ राहिलेली नाही हेही सांगितले पाहिजे. १९६० नंतर लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगला; १९६८ साली 'निरोध' बाजारात आला. प्रौढांशी भिंती बोलू लागल्या, पण मुलांशी कोणी बोलले नाही. पुढे शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हा २००७ साली विधिमंडळात त्यास जोराचा विरोध झाला आणि महाराष्ट्रात तो थांबविण्यात आला. पुस्तकातील काही चित्रे ग्रामीण वर्गास झेपण्यासारखी नव्हती ह्या आक्षेपात थोडे तथ्य असेलही. परंतु चित्र पटले नाही म्हणून अवघा विषयच पेटीत बंद करणे हे काही शहाणपणाचे नव्हे. त्यानंतर २०१४ च्या जानेवारीत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. सरकारी रुग्णालयांतील 'मैत्री' केंद्रे ही किशोरवयीनांसाठीच आहेत. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात तर प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत व्हावे अशी योजना आहे. म्हणजे शिक्षकाने बोलावे काय हा वाद कागदावर तरी मिटलेला आहे. वर्गात कसे बोलावे, एवढेच उरते.

तेथे कर्व्यांचे टपालच उपयोगी पडते. वर्गात एक पुठ्ठ्याची पेटी ठेवावी. सहावी-सातवीतील प्रत्येक मुलाने व मुलीने तीत एक चिठ्ठी टाकावयाची. ज्याला विचारावयाचे नाही त्याने कोरी टाकावी, पण टाकावी सर्वांनी. असे केले नाही तर विचारणारा ओळखू येतो, आणि दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी राहते. नाव लिहावयाचे नाही. अक्षर ओळखण्याचा मोह शिक्षकास होईल. वर्गापुढे तरी त्याने तो मुळीच दाखवू नये. मुलांनी बोलीतील, प्रसंगी शिवीसारखा, शब्द वापरला असेल तर रागावू नये. त्याच्याजवळ दुसरा शब्द नव्हता एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकाने प्रश्न मोठ्याने वाचताना तेथे योग्य शब्द ठेवावा. त्या दिवशी वर्गास मिळालेला तो पहिला धडा असेल.

चिठ्ठ्या शिक्षकाने आधी एकट्याने वाचाव्यात आणि उत्तरे दुसऱ्या दिवशी द्यावीत. लगेच उत्तर देण्याच्या भरात भलतेच बोलून जाण्यापेक्षा रात्र मध्ये गेलेली बरी. जे ठाऊक नसेल ते 'विचारून सांगतो' म्हणावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस किंवा परिचारिकेस खरोखरच विचारावे. वाचनासाठी डॉ. विठ्ठल प्रभू यांचे 'निरामय कामजीवन' हे मराठी पुस्तक शिक्षकाच्या स्वतःच्या टेबलावर असावे. ते मुलांसाठी नव्हे, शिक्षकासाठी.

उत्तरे आखूड द्यावीत. 'आवाज का फुटतो?' ह्यास, देहात ह्या वयात काही रस तयार होऊ लागतात, त्यांनी स्वरयंत्र मोठे होते, कोणाचे बाराव्या वर्षी, कोणाचे पंधराव्या. उशीर झाला म्हणून काळजी नको. 'पाळीत लोणच्यास शिवले तर ते नासते काय?' ह्यास, नाही. नासत असेल तर मीठ कमी पडले असेल. 'मूल कसे होते?' ह्या प्रश्नास सहावीच्या वर्गात एवढे पुरे की स्त्रीच्या शरीरातील अंडे व पुरुषाच्या शरीरातील शुक्रबीज एकत्र आल्याने गर्भ राहतो आणि तो आईच्या गर्भाशयात नऊ महिने वाढतो. ज्या मुलांनी गाय वितताना गोठ्यात पाहिली आहे त्यांस हे ऐकून धक्का बसेल ही कल्पना शहरातली आहे. खेड्यातील मूल ह्या बाबतीत अंधेरीच्या मुलापेक्षा पुढे असते. त्याने जनावरांचे पाहिलेले असते, माणसांविषयी ते जोडून घ्यावयास मात्र त्यास कोणी मदत केलेली नसते.

मुलींच्या चिठ्ठ्यांची उत्तरे शिक्षिकेने द्यावीत हे उत्तम. पण पाळी म्हणजे काय हे मुलांनीही ऐकावे. डाग पडलेल्या मुलीस हसणारा वर्ग तयार होतो तो मुलांस बाहेर खेळावयास पाठविल्यामुळे. शाळेत शिक्षिका नसेल तेथे आशा ताई अथवा अंगणवाडी ताई यांस बोलवावे. पुरुष शिक्षकाने ह्या विषयावर कोणाही मुलीशी अथवा मुलाशी बंद दाराआड एकट्याने बोलू नये. हा अविश्वास नव्हे. मुलाचे व शिक्षकाचे दोघांचेही त्यात संरक्षण आहे. आणि पेटी ठेवण्यापूर्वी पालकसभेत ती काय आहे ते सरळ सांगून टाकावे. विरोध करणारा एखादा उठेल. पण मागच्या रांगेतील आया गप्प राहतील, आणि सभा संपल्यावर त्यांतील एखादी हळूच येऊन म्हणेल, 'सांगा गुरुजी, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.'

कधीतरी एक निराळीच चिठ्ठी निघेल. तीत प्रश्न नसेल. 'मामा रात्री येतो', 'दुकानवाले काका हात लावतात', एवढेच वेडेवाकडे लिहिलेले असेल. अशा वेळी कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरवून दिलेले आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांखालील मुलावर असा प्रकार घडला आहे हे ज्यास कळले त्याने ते पोलिसांस अथवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलेच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. येथे गावची अब्रू, घराण्याचे नाते, सरपंचाचा शब्द ह्यांपैकी काहीही आड येऊ देता येत नाही. चिठ्ठीवर नाव नसल्याने मूल शोधावे लागेल. ते वर्गात उभे करून नव्हे. 'काल ज्याने चिठ्ठी लिहिली त्याने फार चांगले केले, त्याचा काही दोष नाही, मी सुटीत येथेच बसलेलो असेन' एवढे सर्व वर्गास सांगून शिक्षकाने व्हरांड्यात, सर्वांस दिसेल अशा जागी, बसावे. मूल बहुधा येते. आल्यावर त्यास खोदून-खोदून विचारू नये, ते काम पुढे प्रशिक्षित माणसे करतील. ऐकावे, ते म्हणते ते खरे धरावे, आणि 'हे मी कोणास सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला आणि आता देशभर चालतो. तो वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा, पुसला गेला तर पुन्हा लिहावा.

पेटी वर्षभर ठेवण्याची आवश्यकता नाही. दोन वेळा पुरे: एकदा दिवाळीच्या सुटीनंतर, आणि एकदा उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत. ह्या दुसऱ्या शनिवारची उत्तरे त्याच दिवशी द्यावी लागतील, म्हणून चिठ्ठ्या शुक्रवारीच घ्याव्यात. त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईच्या गाड्या येऊ लागतात.